प्रलंबित नोंदींचे सात महिने

२०१९ च्या जून महिन्यात माझ्या लॅपटॉपवर संगणकप्रणालीचे अपडेट सुरू झाले, ते ३७ टक्क्यांवर येऊन चार तास अडून राहिले, आणि अखेर केलेले फेरफार मागे घेत असल्याचा निरोप देऊन यंत्र पूर्वस्थितीवर आले. तेव्हापासून पुढच्या जानेवारीपर्यंतच्या काळाचा आज मागोवा घेताना मनाला सर्वांत अधिक लागते ती गोष्ट ही की, दोषाचा पुरावा यंत्राच्याच दप्तरी निमूटपणे नोंदला जात असता मी मात्र समन्स बजावायला आलेल्या बेलिफालाच आरोपी ठरवून बसलो होतो.

त्या लॅपटॉपमध्ये पाच वर्षांत निरनिराळ्या वाड्यांतून टिपलेली मोडी कागदांची ११,४०० छायाचित्रे होती. शेवटच्या दोन वर्षांच्या कामाची दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. ही हयगय सर्वस्वी माझी.

प्रथम संशय आला तो इंटरनेटचा, नंतर अपुऱ्या जागेचा, मग व्हायरसचा. ऑगस्टात दुरुस्तीच्या एका दुकानात छायाचित्रांना हात न लावता संगणकप्रणाली नव्याने बसवून घेतली आणि तीन आठवडे यंत्र असे सुरळीत चालले की रोग गेल्याची माझी खात्रीच पटली. वास्तविक रोग गेला नव्हता, झाकला गेला होता. हार्ड डिस्कवरची जागा लहान लहान सेक्टरांत वाटलेली असते. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क त्याला प्रलंबित म्हणून नोंदवते, आणि त्याच जागी पुन्हा काही लिहिण्याचा प्रसंग येऊन तेथे लिहिलेले टिकत नाही असे दिसले, म्हणजे राखीव साठ्यातला एक सेक्टर त्याच्या बदली नेमते. नव्या प्रणालीचे लेखन झाले तेव्हा अशा कित्येक बदल्या कोणालाही न कळता होऊन गेल्या असल्या पाहिजेत.

मग बिघाड नेमका अपडेटच्याच वेळी का प्रकट व्हावा? नित्याच्या वापरात आपण त्याच त्या थोड्या फायली उघडतो आणि त्यांपैकी पुष्कळशा स्मृतीतूनच पुरवल्या जातात. अपडेट मात्र वर्षानुवर्षे कोणी न विचारलेल्या हजारो फायली वाचून त्यांची रुजुवात घेते आणि कित्येक गिगाबाइट नवे लिहिते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरणारी तबकडी एका दुबळ्या सेक्टरापाशी पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते, आणि पडद्यावर टक्केवारी ढळत नाही ती यामुळे. जुन्या दप्तराची झडती घेतल्याखेरीज वाळवी दिसत नाही, हे मोडी वाचणाऱ्या माणसाला तरी सुचायला हवे होते.

दिवाळीत अपडेट २२ टक्क्यांवर थांबले आणि यंत्रातून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. घरी आलेल्या पुतण्याने तो ऐकला मात्र, आणि म्हणाला, "काका, अपडेटला दोष देऊ नका, डिस्क जातेय." त्याने 'स्मार्ट' नावाची डिस्कची स्वतःची नोंदवही उघडली. क्रमांक ५ पुढे, बदली दिलेले सेक्टर ३१२; क्रमांक १९७ पुढे, प्रलंबित ४८; क्रमांक १९९ पुढे, जोडणीतील चुका शून्य, म्हणजे केबल निर्दोष. इतके असूनही माथ्यावरचा एकंदर शेरा 'उत्तीर्ण' असाच होता, आणि मी स्वतः वही उघडली असती तरी त्या एका शब्दावर विसंबून मिटली असती. कोरी वही हाही निर्वाळा नव्हे: २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांच्या नोंदींत मुख्य चार लक्षणांपैकी एकही आढळले नव्हते.

दुरुस्तीची आज्ञा रात्रभर चालवून पाहण्याची माझी तजवीज त्याने थांबवली. मरणोन्मुख डिस्कला ते श्रम सोसत नाहीत. पुढे जानेवारीत तो पुन्हा आला, तोवर यंत्र बंदच होते. डिस्क बाहेर काढून त्याने 'डीडीरेस्क्यू' लावले. हा प्रोग्राम आधी सुखाने वाचता येईल तेवढे सगळे उतरवून घेतो, अडखळणारा भाग ओलांडून त्याची नोंद ठेवतो, आणि मागाहून त्या कठीण जागांकडे सावकाश परततो. कागदपत्रांचा जीर्ण रुमाल सोडताना मोडी वाचकही असाच, आधी धड पाने आणि मग चिकटलेली, उकलत जातो. दोन रात्री हे काम चालले.

२७ छायाचित्रे गेली. त्यांपैकी १९ मूळ कागदांवरून पुन्हा काढता आली. उरलेली आठ ज्या वाड्यातली, तेथल्या पेटीत तोवर वाळवीने भुगा केला होता. त्या आठांतले एका महजराचे चित्र अजून उघडते: वरच्या भागात 'श्री' आणि दोन ओळी स्वच्छ दिसतात, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यापासून खाली सगळे करडे आहे.