तलावात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी

पावसाळ्यात गावतलाव भरला की मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेची अथवा ग्रामपंचायतीची मत्स्यबीजासाठी धावपळ सुरू होते. बीज येते, मोजून सोडले जाते आणि आकडा नोंदवहीत चढतो. पुढे आठ-दहा महिन्यांनी जाळे ओढले असता अपेक्षेइतके मासे हाती लागत नाहीत, तेव्हा बीज निकृष्ट होते, पाणी लवकर आटले अथवा चोरी झाली, अशी कारणे पुढे केली जातात. प्रसंगी ती खरीही असतात. तथापि, पुष्कळदा बीजाचा मोठा भाग तलावात सोडल्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच नष्ट झालेला असतो. मेलेले पिल्लू बोटाच्या पेराएवढे. ते तळाशी जाते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कटला, रोहू व मृगळ या जाती साचलेल्या पाण्यात आपणहून प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात नको असलेल्या जातींची पिल्लेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि खात्रीचे बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. बीजाचा प्रश्न असा सुटला, परंतु बीजकेंद्रापासून तलावापर्यंतचा प्रवास मात्र राहिलाच.

पिशवीतील पाणी

हा प्रवास पॉलिथिनच्या पिशवीत होतो. पिशवीत सुमारे एकतृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत प्राणवायू, आणि तोंड घट्ट बांधलेले. पिल्लांच्या श्वसनामुळे या कोंडलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यांच्या उत्सर्गातून अमोनिया जमतो. यास्तव बीज भरण्यापूर्वी ते काही तास उपाशी ठेवण्याची पद्धत आहे. बीज घ्यावयास गेलेल्या प्रतिनिधीने याची चौकशी अवश्य करावी. पोट भरलेली पिल्ले पाणी फार लवकर घाण करतात.

कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि अशा पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवीचे तोंड सोडताच तो वायू उडून जाऊ लागतो, पाण्याची आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी रूप धारण करतो. म्हणजे बंद पिशवीत तग धरून असलेली पिल्ले उघड्या पिशवीत ताटकळत ठेवल्याने दगावू शकतात. लांबून आलेल्या बीजाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. दोन-तीन अंशांहून अधिक फरक एकाएकी पडला तर लहान पिल्लांना तो सोसत नाही. म्हणून बांधलेल्या पिशव्या प्रथम तशाच तलावाच्या पाण्यावर पंधरा ते तीस मिनिटे तरंगत ठेवाव्यात, आणि त्याही सावलीत. उन्हात तरंगणारी बंद पिशवी आतून झपाट्याने तापते. नंतर तोंड सोडून तलावाचे पाणी थोडेथोडे पिशवीत मिसळावे. हे काम दहा-पंधरा मिनिटांत, रेंगाळू न देता, उरकावे. त्यानंतर पिशवी पाण्यात आडवी धरावी. सशक्त पिल्ले आपणहून बाहेर पोहत जातात. काठावरून पिशवी उपडी करणे सर्वथा चूक होय.

सकाळची अथवा सायंकाळची थंड वेळ यासाठी योग्य. मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सोयीने भर दुपारी ठेवला जातो आणि भाषणे संपेपर्यंत पिशव्या उन्हात पडून राहतात, हे दृश्य टाळता येण्याजोगे आहे.

वेगळे पाणी, वेगळे जाळे

पाण्याशी जुळवून घेतलेले बीजही निरोगी असेलच असे नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतात माशांच्या अंगावर खोल जखमा पाडणारा साथीचा व्रणरोग शिरला आणि पुढे देशाच्या अनेक भागांत पसरला. पाण्यात वाढणारा बुरशीसदृश जीव त्यास कारणीभूत असतो. मरळ त्यास विशेष बळी पडते. कटला, रोहू व मृगळही त्यातून सुटत नाहीत. भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यावर औषध तयार केले आहे. परंतु रोग मोठ्या तलावात पसरल्यावर उपचाराचा खर्च लहान संस्थेला पेलणारा नसतो. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांवर ज्या ढिवर कुटुंबांचा चरितार्थ चालतो, त्यांचे एका साथीत वर्षाचे उत्पन्न बुडू शकते.

म्हणूनच बाहेरून आलेले बीज शक्यतो दोन-तीन आठवडे लहान संवर्धन तळ्यात वेगळे ठेवावे. जखमा, अंगास चिकटलेल्या माशांच्या उवा, कडेला सुस्त पडून राहणे ही लक्षणे तेवढ्या अवधीत बहुधा दिसू लागतात. शिवाय पिल्ले मोठी होतात आणि तलावातील मरळीच्या तोंडी सहज पडत नाहीत. तलावातच कापडी हापा लावून त्यात बीज ठेवणे म्हणजे विलगीकरण, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. हाप्याचे पाणी आणि तलावाचे पाणी एकच असते. संवर्धन तळ्याचे जाळे व बादल्याही वेगळ्या असाव्यात, जाळे उन्हात पूर्ण वाळवावे आणि तेथील पाणी तलावात न सोडता शेतात काढावे. तळ्यात घेताना बीज दर लीटरला २० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून काढल्यास काही बाह्य परजीवी गळून पडतात. पिल्ले कलंडू लागताच मात्र ती तत्काळ बाहेर घ्यावीत.

शाळेतील काचपेटीत नवे शोभिवंत मासे आणताना हेच नियम लागू पडतात. वेगळे भांडे, वेगळी जाळी आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर एवढे पुरे. नकोसे झालेले मासे मात्र ओढ्यात वा तलावात कदापि सोडू नयेत. काचपेटी साफ राखण्यासाठी आणलेला सकर मासा अशाच रीतीने देशातील अनेक जलाशयांत पोहोचला असून, त्याच्या काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटत आहेत.

बीज घेताना एक सोपी परीक्षा करता येते. घमेल्यात थोडी पिल्ले घेऊन पाणी हाताने गोल ढवळावे. सशक्त पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहतात, अशक्त पिल्ले मध्यभागी गोळा होतात. बीज सोडताना त्यातील १०० पिल्ले मोजून छोट्या हाप्यात ठेवावीत व चोवीस तासांनी जिवंत किती ते पाहावे. मोजणीसाठी हापा उत्तम. सोडलेल्या बीजाच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडाही नोंदवहीत लिहिल्यास, पुढच्या वर्षी बीज कोठून आणावे व किती आणावे, हे ठरविण्यास ग्रामपंचायतीस आधार मिळतो.