नक्कल आणि चित्र

श्रोतेहो, कचेरीत कागदाची झेरॉक्स दिली म्हणजे मूळ प्रतही दाखवावी लागते, हा अनुभव आपणां मारेगावकरांस नवा नाही. मुळाशी जुळेल तेवढीच नकलेची पत. मग निव्वळ नकलांपासून कलाकृती होऊ शकेल काय? अमेरिकेतील वॉलेस बर्मन (1926–1976) या चित्रकाराने ती करून दाखविली.

कोरड्या पद्धतीचे झेरॉक्स 914 हे यंत्र 1959 साली आले. त्यापूर्वी, 1952 साली, कोडॅकने ‘व्हेरिफॅक्स’ हे ओल्या पद्धतीचे यंत्र काढले होते. त्यात जिलेटिनचा लेप दिलेला कागद मूळ कागदाला लावून त्यावर प्रकाश टाकीत व तो द्रावणात बुडवीत. जेथे उजेड पोचला तेथे लेप घट्ट होई. अक्षरांच्या जागी तो मऊ राही व रंग धरी. साधा कागद त्यावर दाबला की नक्कल उमटे.

कचेऱ्यांसाठी काढलेले हे यंत्र बर्मनने 1964 च्या सुमारास चित्रांकडे वळविले. एका जाहिरातीत हातात धरलेला ट्रान्झिस्टर रेडिओ होता. हात व चौकट तीच ठेवून रेडिओच्या दर्शनी भागावर तो नियतकालिकांतली निरनिराळी चित्रे बसवी: फूल, साप, किल्ली, खेळाडू. मग त्याची नक्कल काढी आणि अशा तपकिरी नकला ओळींनी चिकटवी. रेडिओ तोच, परंतु प्रत्येक वेळी जणू नवे केंद्र लागे! जे ऐकावयाचे ते डोळ्यांना दिसू लागे.

आपल्याकडे यंत्र वेगळे होते, पण वृत्ती जवळची होती. मुंबईत 1954-55 च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ प्रभृतींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. तेथे कविता होत्या, कोलाज नव्हते, हा भेद विसरू नये. पण परिपत्रके काढण्याचे साधन तेथेही साहित्याच्या कामी आले आणि मोठ्या छापखान्याची वाट पाहावी लागली नाही.

यंत्राने कला मरते, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्र नक्कल काढते खरे. पण कशाशेजारी काय ठेवावे, हे त्याला कळत नाही. ती निवड माणसाचीच. बर्मनच्या चित्रांत नक्कल मुळाची चाकरी सोडते व स्वतः बोलू लागते. तेथे मूळ प्रत कोणी मागत नाही.