मशीन वाटले, पण गरिबी हटली काय?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने त्याच महिन्याच्या सुरुवातीला दुकानावर नवी पाटी लावली आणि चांदरातीला गल्ला मोजून सांगितले की, "पाटीमुळे विक्री तिप्पट झाली," तर शेजारचा दुकानदार हसेल. कारण पाटी न लावताही त्याची विक्री तिप्पट झालेली असते. पाटीचा खरा फायदा काढायचा तर शेजारच्या गल्ल्याशी ताडून पाहावे लागते. धंद्यात वाढलेल्या पोरालाही हे सांगावे लागत नाही.

परंतु गरिबी दूर करण्याच्या योजनांना आपण हा साधा हिशेब लावत नाही. सरकारी खाते असो, बँक असो की मोहल्ल्यातील ट्रस्ट असो, वार्षिक अहवालात आकडे येतात ते वाटपाचे. इतकी शिलाई मशीन दिली, इतक्या हातगाड्या दिल्या, इतक्यांना कर्ज दिले. सोबत हारतुऱ्यांचा फोटो. त्या घरातील पोरगा शाळेत जातो की हॉटेलात कपबशा विसळतो, सावकाराची उधारी फिटली की वाढली, याचा रकाना अहवालात नसतो.

अशाच एका वाटपाला आम्ही हजर होतो. वर्षभराने त्याच मोहल्ल्यात जाणे झाले. एका घरात ते मशीन पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. बाईंना शिवण उत्तम येत होते. पण कापड आणायला भांडवल नव्हते, आणि बाजारात तयार कपडा इतका स्वस्त झाला होता की गिऱ्हाईक येईना. ट्रस्टच्या वहीत मात्र त्या 'लाभार्थी' होत्या.

दोन कच्चे हिशेब

योजनेचे यश सांगताना साधारणपणे दोन चुका होतात. पहिली, 'आधी आणि नंतर' एवढेच पाहणे. वर्षभरात मजुरी वाढते, भाव वाढतात, मोठा मुलगा कामाला लागतो. घराचे उत्पन्न वाढले म्हणजे ते योजनेमुळेच वाढले असे होत नाही. दुसरी चूक म्हणजे ज्याने कर्ज घेतले त्याची तुलना न घेणाऱ्याशी करणे. कर्ज मागायला पुढे येतो तो बहुधा आधीच धडपड्या असतो. तो कर्जाशिवायही चार पावले पुढे गेला असता.

यावर उपाय औषधांच्या चाचणीतून आला. एकसारख्या गरजूंच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काहींना मदत आधी द्यायची, काहींना नंतर. निवड नशिबाने झाल्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखेच असतात. पुढे जो फरक पडेल तो योजनेचा मानता येतो. ही पद्धत गरिबीच्या प्रश्नाला लावल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा.

हैदराबादच्या वस्त्यांत

२००६ साली बांगलादेशचे मुहम्मद युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले. छोट्या कर्जाने गरिबी हटते, असे तेव्हा सर्वत्र बोलले जात होते. पुरावा म्हणून वसुलीचा आकडा दाखवला जाई. पण वसुली हे कर्ज देणाऱ्याचे यश झाले. घेणाऱ्याने तो हप्ता नफ्यातून भरला की सावकाराकडून उचलून भरला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्याच सुमारास हैदराबादेत 'स्पंदना' ही संस्था गरीब वस्त्यांत शाखा उघडणार होती. बॅनर्जी, डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या घेतल्या. त्यांतील ५२ वस्त्या चिठ्ठीने निवडून तेथे शाखा आधी उघडण्यात आल्या. सहा ते दहा बायकांचा गट करायचा, प्रत्येकीला पहिले कर्ज १०,००० रुपये आणि फेड ५० आठवड्यांत, अशी पद्धत होती. (व्याजाचा प्रश्न आपल्या अनेक वाचकांसाठी स्वतंत्र आणि महत्त्वाचा आहे. येथे विषय फक्त परिणामाचा आहे.) सव्वा ते दीड वर्षाने दोन्हीकडच्या सुमारे ६,८०० घरांची पाहणी झाली. पाहणी फक्त कर्जदारांची नव्हती. कर्ज घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच त्यात होते.

निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या लोकांना न रुचणारे निघाले. शाखा उघडलेल्या वस्त्यांतही अशा संस्थांकडून कर्ज घेणारी घरे शेकडा २७ च होती. शाखा न उघडलेल्या वस्त्यांत, इतर संस्थांमुळे, ती शेकडा १८ होती. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात जास्त पैसा घातला. काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या. पान-तंबाखू, बाहेरचे खाणे असा खर्च कमी झाला. पण घराचा एकूण खर्च, म्हणजे राहणीमान, वाढल्याचे दिसले नाही. नफा वाढला तो मुख्यतः आधीच मोठ्या असलेल्या थोड्या धंद्यांचा. मुलांचे शिक्षण, आरोग्य, घरातील बाईचा शब्द यांत फरक आढळला नाही. मात्र कर्जामुळे वस्त्या देशोधडीला लागल्या, असेही दिसले नाही. पुढे २०१५ साली बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील अशाच पाहण्या या पाहणीसोबत प्रसिद्ध झाल्या. त्यांचाही सूर साधारण हाच होता.

दरम्यान ऑक्टोबर २०१० मध्ये, वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्यांनंतर, तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढला आणि हा कर्जव्यवहार जवळजवळ थांबला. २०१२ साली हैदराबादच्या त्याच वस्त्यांत पुन्हा पाहणी झाली. कर्ज येण्यापूर्वीच ज्यांचा धंदा होता, त्यांना मिळालेला फायदा टिकून होता. केवळ कर्ज मिळते म्हणून जे धंद्यात उतरले, त्यांचे फारसे काही झाले नव्हते. आमच्या कारीगर बांधवांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. कर्ज हे हातात हुन्नर आणि बाजारात गिऱ्हाईक असलेल्याचे बळ आहे. प्रत्येक गरिबाचे ते औषध नव्हे.

मुर्शिदाबादचा अनुभव

मग ज्याच्याकडे धंदाच नाही, त्याने काय करावे? पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात 'बंधन' या संस्थेने अगदी तळाच्या कुटुंबांसाठी वेगळी योजना चालवली. मूळ कल्पना बांगलादेशच्या 'ब्रॅक' संस्थेची, २००२ सालची. यात कर्ज नव्हते. गाय, शेळ्या किंवा छोट्या दुकानाचा माल एकदाच द्यायचा, सुरुवातीचे काही आठवडे घरखर्चाला थोडी रोख द्यायची, आणि दीड वर्ष माणूस घरी पाठवून जनावर कसे सांभाळावे, हिशेब कसा ठेवावा, बचत कशी करावी हे शिकवायचे. येथेही निवड चिठ्ठीनेच झाली.

ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली, ती घरे इतरांपेक्षा जास्त कमावू लागली आणि चांगले खाऊ लागली. हा फरक दहा वर्षांनंतरही टिकून होता. भारतासह पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास आणि पेरू अशा सहा देशांतील दहा हजारांवर घरांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिचाही निष्कर्ष एकंदरीत अनुकूल होता. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि फायदा टिकला नाही. काय दिले याइतकेच ते जगले का, हेही पाहावे लागते.

चिठ्ठी टाकणे अन्याय आहे काय?

गरजूला चिठ्ठीवर ताटकळत ठेवायचे, हे मनाला पटत नाही. शंका रास्त आहे. पण पैसा सर्वांना पुरत नसेल तर कोणीतरी थांबणारच असते. १९९७ साली मेक्सिको सरकारने मुलांना शाळेत आणि दवाखान्यात नेणाऱ्या मातांना रोख मदत सुरू केली. ५०६ गावांपैकी ३२० गावांना ती आधी मिळाली, १८६ गावांना नंतर. क्रम चिठ्ठीने ठरला. मुलांची, विशेषतः मुलींची, माध्यमिक शाळेतील हजेरीपटावरची संख्या वाढल्याचे त्यातून सिद्ध झाले, आणि २००० साली सत्ता बदलली तरी योजना चालू राहिली. आपल्याकडे चिठ्ठी नसते तेव्हा क्रम कशाने ठरतो? बहुधा कमिटीतल्या ओळखीने.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. हैदराबादचा आकडा मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. आणि वीस मशीन वाटणाऱ्या ट्रस्टला शंभर वस्त्यांइतका पक्का निष्कर्ष काढता येणार नाही. पण मशीन चालते, विकले गेले की पलंगाखाली पडले, एवढे तरी नक्की कळेल.

आपण काय करू शकतो

आमच्या ट्रस्टच्या व जमातीच्या जबाबदार मंडळींनी येत्या वाटपापासून चार गोष्टी कराव्यात. एक, मदत देण्यापूर्वी प्रत्येक अर्जदाराची कमाई, कर्ज आणि शाळेत जाणारी मुले यांची नोंद वहीत करावी. दोन, जो सर्वात अडचणीत आहे त्याला आधी द्यावे, आणि सारख्याच गरजेचे अर्ज जास्त झाले तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. तीन, वर्षाने ज्यांना मिळाले आणि ज्यांना मिळाले नाही अशा दोघांच्याही घरी जावे. जाणारा माणूस वाटप करणारा नसावा. चार, जे फसले तेही अहवालात छापावे.

जकातीचा पैसा असो की देणगीचा, तो अमानत आहे. आपल्या दुकानात आपण पै-पैचा हिशेब मिळवल्याशिवाय शटर खाली ओढत नाही. दुसऱ्याच्या घरातील अंधार दूर करायला दिलेल्या पैशाचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मिळवला पाहिजे.