वडीलधाऱ्यांचा जबाब
(लेखमाला : ऐकण्याचे शास्त्र, भाग 6)

मुलाखत कशी घ्यावी, ते मागच्या भागात पाहिले. आज तीच मुलाखत एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचा फैसला कसा करते, ते पाहू. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या उतारांवर जावे लागेल.

जंगल साफ करून कसलेल्या जमिनीला इकडे ‘नेवाड’ म्हणतात. सरकारी कागदात तिचेच नाव ‘अतिक्रमण’. जमीन वनखात्याच्या नावावर, म्हणून सातबारा नाही. घरात कागद असलाच तर वनरक्षकाने फाडलेली दंडाची पावती.

‘अतिक्रमण’ या शब्दाची किंमत नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या वेळी कळली. महाराष्ट्रातली 33 गावे बुडितात आली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. आजोबांपासूनची वनजमीन कसणारा माणूस ‘अतिक्रमणदार’ ठरला, की पुनर्वसनाच्या यादीत तो भूमिहीन. टाटा सामाजिक विज्ञान संस्था तेव्हा राज्य सरकारसाठी पुनर्वसनावर देखरेख ठेवत होती आणि तिच्या अहवालांतून ही परिस्थिती नोंदली जात होती. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीने खोऱ्यातल्या गावांत जाऊन लोकांचे ऐकले आणि 1992 च्या अहवालात हा प्रश्न ठळकपणे मांडला. 1993 मध्ये धरणासाठीच्या बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग रद्द झाला. पाणी मात्र थांबले नाही. त्या 33 गावांतली मणिबेली बुडालीच. संशोधनाची ताकद सांगताना ही गोष्ट लपवू नये, असे मला वाटते.

पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला, कसत असलेल्या क्षेत्राइतका आणि जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. त्याच्या 2008 च्या नियमांतला 13 वा नियम अभ्यासकांनी पुन्हापुन्हा वाचावा असा आहे. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेतच. पण घर, बांध, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, रूढी-परंपरांवरचे संशोधन आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, म्हणजे जबाबाला बांधाची किंवा विहिरीची जोड हवी. गुणात्मक संशोधनाची हत्यारे इथे कायद्याने ग्रामसभेच्या हाती दिली आहेत.

प्रश्न येतो तो जबाब लिहिण्याचा. ‘सदर इसम सुमारे 40 वर्षांपासून सदर जमीन कसत आहे’ हे एकच वाक्य शंभर दाव्यांना जोडले, तर तपासणाऱ्याला ते छापील वाटणारच. म्हाताऱ्या माणसाला ‘किती साली?’ असे विचारले, की तो समोरच्याला बरा वाटेल तो आकडा सांगतो. साल त्याच्या आठवणीत नसते, घटना असतात. म्हणून विचारायचे असे : ‘आजा, 72 च्या दुष्काळात या उतारावर काय होतं? हा बांध घातला तेव्हा दगड कोणी वाहिले? थोरला मुलगा तेव्हा चालत होता का?’ मग तो उठतो, काठी टेकत शेताच्या कडेला जातो आणि मोहाचे झाड दाखवतो. हे चालणेही जबाबाचाच भाग आहे. वाटेत दाखवलेली प्रत्येक खूण नकाशावर घ्यावी, आणि तीच हकिगत दुसऱ्या पाड्यावरच्या माणसाला स्वतंत्रपणे विचारावी. दोन हकिगती जिथे जुळत नाहीत तिथे खोडरबर चालवू नये. न जुळणेही लिहावे. सगळे तंतोतंत जुळले, तर मला उलट काळजी वाटते.

बायांना बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. कायद्याने हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा आहे, ग्रामसभेच्या वनहक्क समितीत स्त्रियांचा वाटा ठरलेला आहे, तरी जबाब मात्र पुरुषांचे! पेरणी, निंदणी, शेंगा-कंद गोळा करणे यांत जिचा जन्म गेला, तिला शेताची हद्द नवऱ्याइतकीच ठाऊक असते.

‘उपग्रहाच्या चित्रात तर झाडे दिसतात’ हा आणखी एक अडसर. उतारावरच्या छोट्या शेतात मोह, आंबा राखलेला असतो. वरून ते जंगलच दिसणार. नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की असे चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. शेजारच्या गुजरातमध्ये हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये न्यायालयानेही केवळ उपग्रहचित्रावर विसंबणे मान्य केले नाही. चांगला घेतलेला जबाब अशा वेळी हाताशी असावा लागतो.

एक मोठी अडचण आज बाजूला ठेवली आहे. आजा पावरीत किंवा भिलीत बोलतो आणि समितीचा सचिव मराठीत लिहितो. त्या दोन भाषांच्या मधे काय काय सांडते, ते पुढच्या आठवड्यात.