रंगीत पेयाची परीक्षा

इंग्लंडमधल्या साऊदम्प्टन विद्यापीठाचा एक प्रयोग २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं होती. ही मुलं चंचलपणासाठी डॉक्टरांकडे नेलेली नव्हती, चारचौघांसारखीच होती. मला या प्रयोगाचं मोल इथेच वाटतं. खाद्यरंगांमुळे मुलं अतिचंचल होतात, असं अमेरिकी डॉक्टर बेन फाइनगोल्ड १९७० च्या दशकापासून सांगत होते. पण आधीच्या बऱ्याच चाचण्या अतिचंचल ठरलेल्या मुलांवरच झाल्या होत्या.

मुलांच्या आहारातून ठरावीक कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक वगळलं गेलं. मग रोज फळांच्या रसाचं पेय दिलं. कधी नुसतं, कधी रंग-बेंझोएटच्या दोन मिश्रणांपैकी एक घातलेलं. दिसायला-चवीला सगळं सारखंच. कोणत्या आठवड्यात काय दिलं, हे आईवडिलांना ठाऊक नव्हतं, शिक्षकांनाही नव्हतं. ही लपवाछपवी अत्यावश्यक होती. ‘त्या रंगीत गोळ्यांनीच हा असा वागतो’ अशी शंका एकदा मनात बसली, की मुलाची प्रत्येक उडी तिचाच पुरावा वाटू लागते.

चंचलपणा वाढलेला दिसला. सरासरी वाढ मात्र थोडी होती आणि मुलामुलांत फरक मोठा. एकाच पेयाने एक मूल बिथरतं आणि दुसरं शांत राहतं, असं का? याच गटाने २०१० मध्ये उत्तराचा एक धागा दाखवला. अंगावर पित्त उठवणारं हिस्टामिन मेंदूतही निरोप पोचवतं. त्याचा निचरा करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात मुलामुलांत जे बारीक फरक असतात, त्यांनुसार हा परिणाम कमी-जास्त होत होता. म्हणजे ‘काही होत नाही’ म्हणणारी आई आणि ‘फार होतं’ म्हणणारी आई, दोघीही खऱ्या असू शकतात.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये हा पुरावा मर्यादित ठरवला. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा कृत्रिम रंग असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर मुलांच्या चंचलपणाविषयी इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यांपैकी टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२) आणि पॉन्सो ४आर (१२४) यांना भारतात परवानगी आहे; पाकिटामागच्या बारीक अक्षरांत हे आकडे सापडतात.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. प्रयोगातल्या दोन्ही मिश्रणांत बेंझोएट होतं, रोज ४५ मिलिग्रॅम. दोष रंगांचा, बेंझोएटचा की दोहोंच्या संगतीचा, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. इशारा मात्र फक्त रंगांबद्दल छापला जातो.