खाऱ्या हवेत फेंडरची कड दुमडताना

चाकावरची पत्र्याची कमान म्हणजे फेंडर. बाहेरून ती गुळगुळीत दिसते, पण खालच्या काठामागे बोट घातले की चाकाच्या दिशेने आडवी वळवलेली, साधारण एक सेंटिमीटर रुंदीची कड हाताला लागते. गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला काठापाशी ताठपणा येतो तो या कडेमुळे. पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा आणि बोल्टने बसवलेला असतो. मागे मात्र बाहेरचा पत्रा आणि चाकामागचा आतला पत्रा याच कडेवर स्पॉट वेल्डने जोडून सांध्यात सीलंट भरलेले असते. रुंद चाके घातली की टायरचा खांदा नेमका या कडेवर घासतो. कड तापवून, दाबून, वरच्या बाजूला दुमडून फेंडरच्या आतल्या अंगाला टेकवणे, यालाच फेंडर रोलिंग म्हणतात.

टायर का घासतो, हे रिमच्या दोन आकड्यांवरून कळते. एक रुंदी आणि दुसरा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते माप. ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची रिम काढून ७ इंच रुंद, ३८ ऑफसेटची बसवली, तर रिमची बाहेरची कड १९.७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली ५.७ मिलिमीटर आत सरकते. तीच ७ इंची रिम ४५ ऑफसेटची घेतली, तर दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटरच वाढतात. म्हणजे योग्य ऑफसेट निवडला, तर पुष्कळदा पत्र्याला हात लावावाच लागत नाही. टायरची उंचीही पाहावी लागते. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, तर २०५/६५ आर १५ चा ६४७.५. रुंदी वाढवताना टायरची ६५ ही मालिका, म्हणजे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्क्यांतले प्रमाण, तशीच ठेवली, तर व्यास २६ मिलिमीटरने वाढतो आणि जागा वरूनही कमी होते.

रिकाम्या गाडीत सगळे ठीक वाटते. खरी परीक्षा गाडी भरल्यावर होते. गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेल्या गाडीत पाच माणसे आणि डिकीभर सामान असते. मागची स्प्रिंग आधीच दबलेली असते, त्यात खड्डा आला की चाक कमानीत शिरते. म्हणून मोजमाप भरल्या गाडीवर करावे. कडेला आतून खडू लावून गाडी गतिरोधकावरून न्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. टायरवर खडू कुठे उमटला, यावरून कड किती आणि कोणत्या भागात दुमडायची ते ठरते. सगळी कमान दुमडायची गरज क्वचितच असते.

रोलिंगसाठी चाक काढून त्या जागी हबवर रोलरचे हत्यार बोल्टने बसवतात. त्याचा दांडा लांब-आखूड करता येतो आणि टोकाला पॉलियुरेथेनचा घट्ट रोलर असतो. आधी कडेमागची लाल माती आणि मीठ धुऊन काढतात, पुढच्या बाजूला प्लॅस्टिक लायनरचे स्क्रू सोडवतात. मग हीट गनने रंग तापवतात. पत्र्याला हात टेकवत नाही इतकी ऊब पुरे, आणि गन एका जागी थांबवायची नाही. रोलर तिरका धरून पहिल्या फेऱ्यांत कड थोडीच वाकवतात, पुन्हा तापवतात, कोन वाढवतात. घाई करून जोर लावला, तर कड आत वळण्याऐवजी सगळी कमानच बाहेर फुगते आणि पत्र्यावर लाटा उठतात. त्यामुळे दर फेरीनंतर बाहेरून तळवा फिरवून पाहावे. रोलर नसलेल्या गॅरेजात डेंटिंगवाले हातोडी आणि डॉलीने ठोकून कड वळवतात. पण ठोक्यागणिक रंग उडतो. ग्राइंडरने कड कापून टाकणे तर सर्वांत वाईट: मागच्या बाजूचे स्पॉट वेल्डच त्याबरोबर जातात.

पूर्वी रंगवलेली गाडी असेल, तर अधिक जपावे. कारखान्यातला भट्टीत भाजलेला रंग तापवल्यावर बऱ्यापैकी वाकतो, पुट्टीवर दिलेला रंग मात्र तडकतो. चुंबक लावून पाहिले की पुट्टी कळते. जाड थर असेल तिथे पकड ढिली पडते.

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्यात हे काम अधिक काळजीने करावे लागते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे, आणि मिठागरांच्या या गावात खारा वारा गाडीला रोजच लागतो. साधे मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते. मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात तेच मुबलक असते. ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलसर होते. त्यामुळे किनाऱ्यावर कडेमागे साचलेली खारी माती उन्हाळ्यातही नीट सुकत नाही. दुमडताना रंगाला केसाएवढी भेग पडली, तरी क्लोराइड पोलादापर्यंत पोहोचते. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून भेगेभोवतीचा रंग उचलला जातो आणि गंज पुढे सरकतो. शेजारच्या रेडीत ज्या खनिजाच्या खाणी आहेत, ते खनिजही लोहाचे ऑक्साइडच. पोलाद त्याच रूपाकडे परत जात असते.

म्हणून किनाऱ्यावर रोलिंगपेक्षा त्यानंतरचे काम अधिक मोलाचे. भेगा भिंगातून तपासाव्यात, उघडा पत्रा घासून इपॉक्सी प्रायमर द्यावा, मागच्या सांध्यात नवे सीलंट भरावे, वर रंग आणि आतून गंजरोधक मेण मारावे. मागची कड पूर्ण चपटी करू नये. मात्र दुमडीत फट राहिली की तिथे पाणी थांबते, म्हणून ती सीलंटने भरलीच पाहिजे. हे सारे दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत करावे. पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर प्रायमर धरत नाही. पुढे मिरगाआधी आणि पाऊस संपल्यावर कमान आतून गोड्या पाण्याने धुऊन पाहावी.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे मांडले. नवी चाके घेण्याआधी उत्पादकाने त्या मॉडेलसाठी कोणती मापे दिली आहेत ते पाहावे, शंका असल्यास जिल्ह्याच्या ओरोस येथील परिवहन कार्यालयात विचारावे. नव्या टायरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची रीत टाळावी, कारण हवा थोडी उतरली तरी तो रिमवरून निसटू शकतो.