ऐंशी पराभवांचा ताळेबंद

अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी 1876 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे. त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाने 1953 ते 1964 या काळात कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले. पुढे 1989 ते 1998 या काळात हाच संघ सलग 80 सामने हरला.

या पराभवांचे कारण मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक सापडते. आर्थिक गैरव्यवस्थेमुळे 1990 चा हंगाम रद्द झाला. 1991 मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला, परंतु खेळाडूंची शिष्यवृत्ती बंद झाली होती. चूक व्यवस्थापनाची, तिची वसुली मात्र विद्यार्थ्यांकडून झाली. कित्येकांचे शिक्षण एकही विजय न पाहता संपले. तरीही दरवर्षी नवे विद्यार्थी मैदानात उतरत राहिले, म्हणून संघ टिकला.

अखेर 26 सप्टेंबर 1998 रोजी लँग्स्टन विद्यापीठावर 14-12 असा विजय मिळाला. 2009 मध्ये तर संघ आपल्या गटाचा विजेता ठरला. त्या यशाच्या भांडवलात हरलेल्यांचाही वाटा आहे. वाचकहो, घरातील मुलांचा निकाल हाती घेताना त्यांना आपण कोणती साधने दिली होती, हेही अवश्य पाहावे.